पंपावर खापर फोडण्याआधी : कॉमन रेल गाडी सुरू होत नाही तेव्हा

मागच्या पावसाळ्यात भाजीची एक पिकअप दोरीला बांधून आमच्या गॅरेजवर आली. मालकाच्या वरच्या खिशात पंपाचं बिल होतं, चार घड्या घातलेलं. दुसऱ्या गॅरेजमध्ये हाय प्रेशर पंप बदलून झाला होता. बदलल्यावर गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, भाऊ खूश होऊन घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मार्केटला निघायच्या वेळी पुन्हा नुसती गुरगुर. जुना पंप त्यांनी पिशवीत घालून बरोबर आणला होता. तो टेस्ट बेंचवर लावला तर ठणठणीत निघाला.

दोष काय होता ते पुढे सांगतो. कॉमन रेल गाड्यांच्या कामात नव्याने उतरलेल्यांसाठी आधी एवढंच, की आपल्याकडे पंपावर आळ सगळ्यात आधी येतो आणि तो खरा दोषी निघतो क्वचित. तरी पंपच का बदलला जातो? कारण तो समोर दिसतो, महाग असतो, आणि बदलला की काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटतं.

आधी पंपाचं काम समजून घ्या

जुन्या मेकॅनिकल पंपाकडे तिन्ही कामं होती. दाब तोच करायचा, किती डिझेल द्यायचं ते तोच ठरवायचा आणि कधी द्यायचं तेही तोच. म्हणून पूर्वी गाडी मिसिंग मारली, काळा धूर आला, पिकअप गेला, की मिस्त्री थेट पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवायचे आणि बऱ्याचदा ते बरोबरही असायचं. आमच्याकडचे म्हातारे मिस्त्री अजून कुठल्याही पंपाला 'मायको पंप'च म्हणतात. पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश लिमिटेड झालं, पण नाशकात मायको सर्कल आहे आणि तोंडात मायको आहे.

कॉमन रेलमध्ये पंपाकडे एकच काम उरलं : रेल नावाच्या जाड नळीत दाबाखाली डिझेल भरून ठेवणं. कधी आणि किती मारायचं हे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो आणि इंजेक्टर करतो. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून ही पद्धत कारमध्ये आली तेव्हा रेलचा दाब १३५० बारपर्यंत होता, आता २००० च्या पुढे गेला आहे. आपल्याकडे कार आणि पिकअपमध्ये ती केव्हाच रुळली. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे ट्रेम ४ नियम लागू झाले, तेव्हापासून ती थेट शेतावर पोहोचली आहे. म्हणजे ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रींनाही आता हे टाळता येणार नाही.

याचा अर्थ असा : एकच सिलिंडर मिसिंग असेल तर तो दोष पंपाचा नाही. पंप चारही इंजेक्टरना एकाच रेलमधून देतो, एकावर राग धरत नाही. आणि स्कॅनरवर पी ००८७ हा कोड आला तर त्याचा अर्थ 'रेलमधला दाब कमी' एवढाच. पंप खराब आहे असं तो म्हणत नाही. पाणी टाकीत चढत नसेल तर मोटार बिघडली असेल, विहीर आटली असेल, नाहीतर पाईप मध्येच फुटला असेल. तिन्ही बघावे लागतात.

हात लावण्याआधी

जुन्या इंजिनात मिसिंग शोधायला चालू गाडीवर एकेक नोझलचा पाईप ढिला करायची सवय होती. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. आयडलला सुद्धा रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार दाब असतो. त्या दाबाची डिझेलची धार डोळ्याला दिसत नाही, पण कातडी फोडून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही फारसं नाही, आणि काही तासांत हात सुजून काळानिळा पडतो. असं झालं तर हळद लावून घरी जायचं नाही. सरळ मोठ्या दवाखान्यात जाऊन 'दाबाखालचं डिझेल हातात घुसलंय' असं डॉक्टरांना सांगायचं. ही शस्त्रक्रियेची केस असते.

गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. हाय प्रेशर पाईप खोलायचा असेल तर इंजिन बंद करून निदान दहा मिनिटं थांबा आणि स्कॅनरवर दाब उतरलेला बघा. चालू इंजिनावर इंजेक्टरचा कनेक्टरही ओढायचा नाही, तिथे साठ-सत्तर व्होल्टच्या वर झटका असतो.

दुसरं म्हणजे स्वच्छता. पंपाच्या प्लंजरमध्ये दोन-चार मायक्रॉनची फट असते, आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. पाईप खोलण्याआधी जागा धुऊन घ्या, उघड्या तोंडांना टोप्या लावा आणि चिंध्यांनी पुसू नका. चिंधीचा एक धागा नवीन इंजेक्टर खायला पुरतो.

गिऱ्हाईकाला बोलतं करा

स्कॅनर जोडण्याआधी पाच मिनिटं मालकाशी बोला, मालक आणि ड्रायव्हर वेगळे असतील तर ड्रायव्हरशी. अजिबात सुरू होत नाही, की लांब सेल्फ मारल्यावर होते? रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास होतो, की गरम इंजिनावर? सपाटीला ठीक पण घाटात दम सोडते का? फिल्टर कधी बदलला, डिझेल कुठे भरलं, इंजिन धुतलं का, उंदीर आहेत का?

यातलं एकेक उत्तर वाट दाखवतं. फक्त सकाळचा त्रास असेल तर डिझेल रात्रीत टाकीकडे परत उतरतंय, म्हणजे हवेचा संशय. फक्त गरम झाल्यावर त्रास असेल तर आत गळती आहे. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून किंवा पंपातून जास्त निसटतं. (जुन्या रोटरी पंपावर यासाठी ओलं गोणपाट टाकून गाडी सुरू करायचे. कॉमन रेलच्या पंपावर पाणी ओतू नका, कनेक्टरात जाईल आणि एकाचे दोन दोष होतील.) घाटातच दम जात असेल तर आधी फिल्टर बघा. आणि इंजिन धुऊन आणल्यावर सुरू झालेलं दुखणं बहुतेक वेळा कनेक्टरात सापडतं.

बॅटरीही आताच मोजून घ्या. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, केबल आणि अर्थ बघा. इंजिन हळू फिरलं तर चांगला पंपही दाब करत नाही, आणि पुढची सगळी मापं खोटी येतात. इमोबिलायझरचा (चोरीविरोधी यंत्रणेचा) दिवा लुकलुकतोय का तेही बघा. तो न बघता पंप उतरवलेली गाडी मी पाहिली आहे.

डिझेल आणि फिल्टर

फिल्टरच्या खालून पारदर्शक बाटलीत पाव लिटर डिझेल काढा आणि ती पंधरा मिनिटं उन्हात ठेवा. तळाला पाण्याचा थर बसतो. गढूळपणा दिसतो. वासावरून रॉकेल किंवा पेट्रोलची भेसळ कळते, निदान संशय तरी येतो.

मग तेच डिझेल पांढऱ्या भांड्यात ओता आणि उन्हात तिरकं धरून बघा. चांदीच्या वर्खासारखी चमक दिसली तर थांबा. पंप आतून खरवडला जातोय आणि त्याचा चुरा पुढे गेलाय, असा त्याचा अर्थ. खात्रीसाठी फिल्टर कापून कागद उलगडा. अशा गाडीत नुसता पंप बदलणं म्हणजे मालकाचे पैसे पाण्यात. तो चुरा रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि परतीच्या पाईपमधून टाकीतही पोहोचलेला असतो. नवीन पंपाला तो पुन्हा मिळतो. इथे खर्चाचा मोठा आकडा सांगावा लागतो, आणि तो काम हातात घेण्याआधी सांगावा.

हवा : सगळ्यात जास्त फसवणारा दोष

आता त्या पिकअपचं सांगतो. तिचा पंप टाकीतून डिझेल ओढणारा होता. पंपाच्या मागच्या बाजूला छोटा गिअर पंप असतो, तो ओढतो. अशा गाडीत टाकीपासून पंपापर्यंतच्या पाईपात दाब नसतो, उलट ओढ असते. त्यामुळे कुठे फट असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. खाली जमीन कोरडी, पाईप कोरडे, सगळं छान. बघणारा म्हणतो, गळती नाही.

मी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. नळीतून सोडा वॉटरसारखे बुडबुडे जायला लागले. मग तीच नळी फिल्टरच्या आधी, टाकीच्या बाजूला लावली. तिथे एकही बुडबुडा नाही. म्हणजे हवा फिल्टरमध्येच शिरत होती. झाकण खोललं तर खाचेत जुनी ओरिंग चपटी होऊन चिकटलेली आणि तिच्यावर नवीन बसवलेली. मागच्या वेळी फिल्टर बदलणाऱ्याने जुनी काढलीच नव्हती. पंप बदलताना सिस्टिममधली एअर नीट काढली होती म्हणून गाडी लगेच सुरू झाली. रात्री उभी राहिली तेव्हा तिथून हवा गेली आणि डिझेल टाकीकडे उतरलं. जुनी ओरिंग नखाने उचलून काढली. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत.

नळीची ही पद्धत पाठ करा : एक जागा बघा, मग टाकीच्या दिशेने एकेक जोड मागे सरका. बुडबुडे जिथे बंद होतात त्याच्या लगेच पंपाच्या बाजूच्या जोडात दोष. प्रायमरचा (हाताने दाबून डिझेल चढवायचा) रबरी फुगा, बँजो बोल्टचे वायसर, ढिली क्लिप, उन्हाने तडकलेला होज आणि उंदराने कुरतडलेली जागा, बहुतेक दोष इथेच सापडतात.

टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत मात्र उलटं असतं. तिथे पाईपात दाब असतो आणि गळती बाहेर दिसते. चावी ऑन केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक घुंई आवाज यायला हवा. नसेल तर फ्यूज, रिले आणि मोटारच्या सॉकेटवर व्होल्टेज बघा. आवाज आला म्हणजे दाब आहेच असं नाही, गेज लावून मोजा आणि त्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडा.

आता स्कॅनर

कोड वाचून फोटो काढून ठेवा, पुसून टाका आणि पुन्हा सेल्फ मारून कुठला लगेच परत येतो ते बघा. जुने कोड आधीच्या मिस्त्रीने कनेक्टर ओढले त्याचेही असतात.

पण खरी गोष्ट लाइव्ह डेटात असते. सेल्फ मारताना चार ओळी समोर ठेवा : इंजिनचे फेरे, मागितलेला रेल दाब, मिळालेला रेल दाब आणि मीटरिंग व्हॉल्व्हचा (पंपात किती डिझेल शिरू द्यायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा) करंट किंवा टक्के.

फेरेच शून्य दिसत असतील तर पंप विसरा. ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. क्रँक सेन्सर, त्याची वायर, त्याचं अंतर बघा.

फेरे येतात, दाब तीनशे बारला जातो आणि तरी गाडी पेट घेत नाही, तर पंपाने आपलं काम केलं आहे. पुढे कॅम सेन्सर, इंजेक्टरची वायरिंग, डिझेलमधलं पाणी, कॉम्प्रेशन.

चावी ऑन, इंजिन रात्रभर बंद, आणि तरी रेलमध्ये ६०-७० बार दिसतायत? किंवा सेल्फ मारला तरी आकडा हलतच नाही? सेन्सर खोटं बोलतोय. कनेक्टरवर ५ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थ मोजा, मग सिग्नल. दाब नसताना बहुतेक सेन्सर अर्धा व्होल्ट देतात आणि दाबाबरोबर साडेचार व्होल्टपर्यंत चढतात.

राहिला नेहमीचा प्रकार : फेरे ठीक, पण दाब चढतो आणि मध्येच अडकतो. बहुतेक गाड्यांत साधारण दोनशे बार झाल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडत नाही, म्हणून नुसती गुरगुर होते. इथे एक आकडा लक्षात ठेवा. बॉशच्या जुन्या पद्धतीत पंपावर किंवा रेलवर दाब सोडणारा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असतो. त्याला करंट मिळाला नाही तर आतली स्प्रिंग फक्त १०० बारच्या आसपास धरते. म्हणून दाब बरोबर शंभरच्या घरात येऊन बसत असेल तर आधी त्या व्हॉल्व्हची वायर बघा. पिनांवर हिरवा गंज, घासलेला हार्नेस, वाकलेली पिन. शंभर रुपयांचं काम असतं.

पंपावरच्या मीटरिंग व्हॉल्व्हचा रेझिस्टन्सही मोजा. बॉशच्या पंपांवर तो तीन ओहमच्या आसपास येतो, डेल्फीचा जास्त, डेन्सोचा कमी. आणखी एक सापळा : काही कंपन्यांचा व्हॉल्व्ह करंट नसताना पूर्ण उघडा असतो, काहींचा पूर्ण बंद. त्यामुळे 'कनेक्टर काढून बघू' हा प्रयोग एका गाडीवर चालला म्हणून दुसरीवर करू नका.

गळती कुठे : सलाईनच्या नळ्या

डिझेल येतंय, हवा नाही, वायरिंग ठीक, तरी दाब होत नाही. मग दाब कुठेतरी वाया जातोय. इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढा आणि प्रत्येकाला वेगळी पारदर्शक नळी जोडून वेगळ्या बाटलीत सोडा. तयार किट मिळतं. बऱ्याच गॅरेजमध्ये सलाईनच्या नळ्या आणि खुणा केलेल्या बाटल्याच असतात आणि काम तेच होतं. मुख्य परतीच्या पाईपचं तोंड बंद करायला विसरू नका.

गाडी सुरू होत असेल तर आयडलला एक-दोन मिनिटं चालवा. चारही बाटल्यांत जवळपास सारखी पातळी हवी. एखादी इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर काढा. सुरूच होत नसेल तर पाच-सात सेकंद सेल्फ मारा. चांगला इंजेक्टर एवढ्या वेळात जेमतेम थेंब टाकतो. एखाद्यातून धार लागली तर चोर तोच. पिझो इंजेक्टरच्या गाड्यांवर ही चाचणी अशी करू नका, त्यांतल्या काहींना परतीच्या नळीत दाब लागतो आणि नळी उघडी केली की ते चालतच नाहीत.

रेलच्या टोकाला दाब मर्यादेत ठेवणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असेल तर त्याचीही परतीची नळी काढून बघा. सेल्फ मारताना तिथून काहीच यायला नको. एकदा उघडलेला तो व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट बसेलच असं नाही.

आता पंपाची पाळी

एवढं सगळं झाल्यावर पंपाला उभं करा. रेलवरची इंजेक्टरची तोंडं चाचणीच्या बुचांनी बंद करा, त्या दाबासाठी बनवलेली बुचंच वापरा, गॅरेजात पडलेले बोल्ट नकोत. रेलवर दाब सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर तो मॅन्युअलप्रमाणे बंद राहील असं बघा. मग पाच सेकंद सेल्फ. चांगला पंप एवढ्यात हजार बारच्या आसपास जातो. दोनशे-तीनशेवर धापा टाकत असेल, आणि आधीची सगळी मापं बरोबर असतील, तरच पंप उतरवा. ऑइलची डिपस्टिकही बघा : पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास असेल तर पंपाचं शाफ्ट सील हा एक संशयित आहे.

पंप उतरवण्याआधी स्प्रॉकेटवर खूण करा. कॉमन रेल पंपाला बहुतेक इंजिनांत जुन्यासारखं टायमिंग नसतं, पण तीच टायमिंग चेन किंवा बेल्ट कॅम फिरवत असते आणि ते हललं तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. नवीन पंप बसवला की आधी त्यात स्वच्छ डिझेल भरा आणि प्रायमरने किंवा चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करून एअर काढा. पंपाचं वंगण डिझेलच आहे. कोरडा पंप सेल्फवर फिरवला तर पहिल्या मिनिटातच तो चुरा सोडायला लागतो. हाय प्रेशर पाईप कंपनी नवीन टाकायला सांगत असेल तर नवीनच टाका, टॉर्क पान्याने आवळा. इंजेक्टर बदलला असेल तर त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीएममध्ये टाका, पंप बदलला असेल तर ईसीएमने जुन्या पंपाचं शिकलेलं रीसेट करा.

सुरू झाल्यावर पुठ्ठा धरून सगळे जोड बघा, बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा बघा. मग स्कॅनर जोडलेलाच ठेवून भरलेली गाडी चढावर न्या. तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबल्यावर मागितलेला आणि मिळालेला दाब हातात हात घालून चढले पाहिजेत. शेवटी गाडी रात्रभर आपल्याच दारात उभी ठेवा आणि सकाळी पहिला सेल्फ स्वतः मारा. त्या पिकअपला आम्ही दोन रात्री ठेवलं होतं.